हिवाळ्यातील वाऱ्याचा आठवडा : सृष्टिनिरीक्षणाचा एक पाठ

पौष महिन्यात जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील शाळांत सकाळच्या परिपाठाच्या वेळी पुढील दोन प्रसंग थोड्याफार फरकाने अनुभवास येतात. एके दिवशी वारा सुटलेला असतो, मुले अंग चोरून उभी असतात आणि 'आज फार थंडी आहे' असे सर्वजण म्हणतात. परंतु त्या पहाटे तापमान पंधरा अंशांच्या खाली उतरलेलेच नसते. चार दिवसांनी वारा पडतो. उन्हात उभे राहिल्यावर अंगास बरे वाटते आणि 'थंडी कमी झाली' असे मुले सांगतात. त्याच पहाटे मात्र खोऱ्यातील तापमान आठ अंशांपर्यंत गेलेले असते.

यात मुले खोटे सांगत नाहीत आणि तापमापकही चुकत नाही. दोघे निरनिराळ्या गोष्टी मोजीत असतात. हा भेद मुलांस उमगला, तर हिवाळ्याचे बरेचसे शास्त्र त्यांस सहज कळते. शिवाय ज्या गावांत द्राक्षबागा, कांदा व गहू यांवर घरचा वर्षाचा खर्च अवलंबून असतो, तेथे हा भेद केवळ परीक्षेपुरता राहत नाही. सबब हिवाळ्यात येणारा सौम्य परंतु वाऱ्याचा आठवडा हा सृष्टिनिरीक्षणासाठी उत्तम विषय समजावा.

१. असा आठवडा का येतो?

हिवाळ्यात महाराष्ट्राच्या पठारावर सामान्यतः उत्तरेकडून व ईशान्येकडून कोरडी हवा येते. आकाश निरभ्र असते, दिवसा ऊन चांगले तापते आणि रात्री हवा झपाट्याने निवते. दुपारचे व पहाटेचे तापमान यांत पंधरा अंशांहून अधिक अंतर पडणे पुणे जिल्ह्यात नेहमीचे आहे.

हा क्रम मधूनमधून मोडतो. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी चक्रावात इराण व अफगाणिस्तान ओलांडून उत्तर भारतात पोहोचतात आणि हिमालयात बर्फ पाडतात. त्यांची चाल चालू असता उत्तरेकडील थंड हवेचा ओघ आपल्याकडे काही काळ क्षीण होतो. अशा वेळी पूर्वेकडील व आग्नेयेकडील वारे पठारावर शिरतात. बंगालच्या उपसागरावरून आलेल्या या हवेत थोडी आर्द्रता असते. आकाशात पातळ ढग दिसू लागतात आणि रात्री पूर्वीइतक्या निवत नाहीत. चक्रावात पूर्वेस सरकून गेला, म्हणजे उत्तरेचा वारा पुन्हा मोकळा होतो. प्रथम वारा वाहतो, मग आकाश स्वच्छ होते आणि अखेरीस वारा पडून खरी कडाक्याची रात्र येते. सौम्य आठवड्याच्या शेवटी अशी रात्र येऊ शकते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

२. वाऱ्याची थंडी

मनुष्याच्या शरीराची उष्णता सतत बाहेर पडत असते. हवा स्थिर असली, म्हणजे त्वचेलगत उबदार हवेचा एक पातळ थर राहतो आणि तोच पांघरुणाचे काम करतो. वारा हा थर उडवून नेतो. अंग ओलसर असेल, तर त्यावरील पाण्याची वाफ होतानाही उष्णता खर्च होते. म्हणून वाऱ्यात थंडी अधिक वाजते. तापमापकाला मात्र शरीराप्रमाणे स्वतःची उष्णता नसते. तो हवेइतकाच उष्ण किंवा थंड होतो आणि तेथेच थांबतो.

हे वर्गात सहज दाखविता येते. एका तापमापकावर पुठ्ठ्याने जोराने वारा घालावा. पारा खाली उतरत नाही. नंतर त्याच्या फुग्याभोवती ओल्या कापसाचा पातळ थर गुंडाळून पुन्हा वारा घालावा. आता पारा उतरू लागतो. माठातील पाणी गार का होते, हेही याच प्रयोगातून मुलांस सांगता येईल.

३. निवांत रात्रीची थंडी

सूर्य मावळल्यावर जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडू लागते. आकाशात ढग असले, तर त्या उष्णतेचा काही भाग ते परत पाठवितात. आकाश निरभ्र असले, तर तो भाग परत येत नाही. जमीन थंड होते आणि तिला लागून असलेली हवाही थंड होते. वारा वाहत असेल, तर वरची तुलनेने उबदार हवा खालच्या थंड हवेत मिसळत राहते आणि तापमान फारसे उतरत नाही. वारा नसेल, तर थंड हवा जमिनीलगत साचून राहते. वर जावे तशी हवा थंड व्हावी हा सामान्य नियम, परंतु अशा रात्री काही उंचीपर्यंत तो उलटा होतो. भूगोलात यास तापमानाची विपरीतता म्हणतात.

पुणे येथे १७ जानेवारी १९३५ रोजी किमान तापमान १.७ अंश सेल्सिअस नोंदले गेले. इतकी थंडी क्वचितच पडते. परंतु निरभ्र आकाश, कोरडी हवा आणि पडलेला वारा ही तीन लक्षणे एकत्र आली, म्हणजे लहान प्रमाणावर तोच प्रकार कोणत्याही हिवाळ्यात घडू शकतो.

४. डोंगर आणि खोरी

कुकडी, मीना व घोड या नद्या सह्याद्रीत उगम पावून पूर्वेकडे वाहतात. त्यांच्या खोऱ्यांच्या दोन्ही अंगांस डोंगरांचे फाटे असल्याने पूर्वेकडून आलेला वारा जणू पन्हळीतून जावा तसा पश्चिमेकडे सरकतो. नाणेघाटासारख्या चिंचोळ्या खिंडीत त्याचा जोर अधिकच वाढतो. पावसाळ्यात हाच घाट मुलांनी उलट्या वाऱ्याचा पाहिलेला असतो. तेव्हा कोकणातून वर चढणारा वारा कड्यावरून पडणारे पाणी माघारी उडवितो. हिवाळ्यात पूर्वेचा वारा घाट उतरून कोकणात जातो. खाली उतरणारी कोरडी हवा दर शंभर मीटरांस सुमारे एक अंश तापते. सहाशे मीटर खाली गेलेली हवा अशा रीतीने सहा अंशांनी उष्ण होते. मुंबईस व कोकणात पूर्वेचा वारा जोरात सुटला म्हणजे हिवाळ्यातही दुपारी उकाडा का होतो, याचे एक कारण येथे सापडते.

रात्री थंड हवा जड होऊन पाण्याप्रमाणे उताराने खाली वाहते आणि सखल जागी साठते. म्हणून वारा पडलेल्या पहाटे डोंगरउतारावरील वाडीपेक्षा नदीकाठची वस्ती अधिक गार असू शकते. महाबळेश्वर येथे वेण्णा तलावाच्या सखल परिसरात हिमकण दिसतात, पण गावाच्या उंच भागात त्याच पहाटे ते नसतात, याचे कारणही हेच. जुन्नरच्या शाळांस यासाठी शिवनेरीचा उपयोग करून घेता येईल. निवांत पहाटे किल्ल्याच्या वाटेवरून खाली पाहिले, तर चुलींचा धूर वर न चढता गावावर आडव्या चादरीसारखा पसरलेला दिसतो. ती चादर म्हणजे थंड हवेच्या थराची वरची कडच होय. वाऱ्याच्या पहाटे असा थर दिसत नाही. डोळ्यांस न दिसणारी विपरीतता धुरामुळे अशी दृश्य होते.

५. शेतीशी संबंध

नारायणगाव व जुन्नर परिसरातील द्राक्षबागायतदारांस या विषयाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. मण्यांत पाणी उतरण्याच्या सुमारास तापमान एकाएकी फार उतरले, तर मण्यांस तडे जातात आणि तडकलेला घड बाजारात चालत नाही. यावर उपाय म्हणून बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात व पहाटे पाणी देतात. हे उपाय केव्हा उपयोगी पडतात, हे वरील विवेचनावरून ठरविता येते. निवांत रात्री शेकोटीने तापलेली हवा फार वर न जाता बागेतच रेंगाळते. वाऱ्याच्या रात्री ती शेजारच्या शिवारात निघून जाते. म्हणजे अंगास हुडहुडी भरते त्या वाऱ्याच्या रात्री जळण बहुधा व्यर्थ जाते. वारा पडल्यामुळे बरे वाटून मनुष्य निर्धास्त झोपतो, त्याच रात्री बागेस जागत्या माणसाची गरज असते.

सौम्य हवेचेही काही धोके आहेत. ढगाळ व दमट दिवसांत द्राक्षांवर भुरी, कांद्यावर करपा आणि हरभरा-गहू यांवर किडी वाढण्याची भीती असते. जोराच्या वाऱ्यात फवारणी केली, तर औषध पिकावर न बसता भलतीकडे जाते. वारा असता गव्हास भरपूर पाणी दिले, तर मुळांची पकड सैल होऊन पीक लोळते. यांविषयी नेमका सल्ला नारायणगाव येथील कृषि विज्ञान केंद्राकडून व हवामान खात्याच्या कृषिविषयक पत्रकांतून मिळतो. मुलांनी तो मोठ्याने वाचण्याची सवय ठेवल्यास भाषेचा अभ्यासही होईल.

६. वणव्याचा धोका

पश्चिम भागातील डोंगरांवर या दिवसांत गवत वाळून कोळ झालेले असते. वाऱ्यात एक ठिणगी पुरते. उतारावर आग खालून वर फार वेगाने धावते, कारण ज्वाला वरचे गवत आधीच तापवून ठेवतात. बांधावरील गवत किंवा उसाचे पाचट पेटविण्यास वाऱ्याची दुपार कधीही निवडू नये, आणि शक्यतो ते जाळूच नये, हे मुलांच्या मनावर ठसवावे. गुरे राखणाऱ्या मुलांस वर्गात स्वतंत्रपणे विचारले, तर पूर्वीच्या वणव्यांची त्यांनी पाहिलेली हकीकत ती आपण होऊन सांगतील. तीच पाठाची सुरुवात करावी.

७. वर्गात करावयाचे काम

तिसरी ते पाचवीच्या मुलांनी एक आठवडाभर रोज तीन वेळा नोंद करावी : शाळेत येताना, मधल्या सुटीत व शाळा सुटताना. वहीत वाऱ्याची दिशा, वाऱ्याचा जोर, आकाश, दव पडले किंवा नाही, धुराची चाल आणि तापमान असे सहा रकाने आखावेत. तापमापक सावलीत, भिंतीपासून दूर व जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंच टांगावा. उन्हातील नोंद ग्राह्य धरू नये.

वाऱ्याचा जोर मोजण्यास यंत्राची आवश्यकता नाही. बोफर्ट नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५ च्या सुमारास लावलेली श्रेणी आजही वापरात आहे. जमिनीवर ती पुढीलप्रमाणे ओळखावी. धूर सरळ वर गेला तर श्रेणी शून्य. धूर कलला, पण पाने हलली नाहीत तर १ (ताशी १ ते ५ किलोमीटर). चेहऱ्यास वारा लागला व पाने सळसळली तर २ (६ ते ११). पाने व बारीक डहाळ्या सतत हलल्या आणि हलके निशाण पसरले तर ३ (१२ ते १९). धूळ व कागद उडाले तर ४ (२० ते २८). लहान झाडे डोलू लागली तर ५ (२९ ते ३८).

वाऱ्याच्या दाबाविषयी बोलताना खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीचे उदाहरण द्यावे. तेथील व परिसरातील ३० तबकड्यांपैकी प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. त्या पत्र्याच्या नसून तारेच्या जाळीच्या आहेत. जाळीतून वारा आरपार जातो, म्हणून एवढी मोठी तबकडी वाऱ्यास तोंड देऊ शकते. एका काठीस पुठ्ठा व दुसऱ्या काठीस तेवढीच जाळी बांधून मुलांस वाऱ्यात धावावयास सांगावे. फरक हातांस जाणवतो.

वाऱ्याच्या सकाळी वर्ग बाहेर भरवावयाचा असल्यास इमारतीच्या दक्षिणेकडील भिंतीलगत बसवावा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो व वारा बहुधा उत्तर-ईशान्येचा असतो. त्यामुळे ऊन व आडोसा दोन्ही एकाच जागी मिळतात. दूरच्या वाड्यांतून पहाटे निघून चालत येणाऱ्या व पुरेसे कपडे नसलेल्या मुलांस प्रथम तेथे बसू द्यावे आणि हजेरी नंतर घ्यावी.

आठवड्याअखेर मुलांना तीन प्रश्न विचारावेत. सर्वांत थंड पहाट कोणती? सर्वांत अधिक थंडी कोणत्या दिवशी वाजली? दोन्ही दिवस एकच होते काय? उत्तरे वहीतील नोंदींवरून शोधू द्यावीत. शिक्षकांनी ती आधी सांगू नयेत.

ही वही शाळेत जपून ठेवावी व पुढील हिवाळ्यात तिच्यातच पुढे लिहावे. तीन-चार वर्षांच्या नोंदी जमल्यावर पालकसभेत मुलांकडून त्या वाचून घ्याव्यात. संध्याकाळी आकाश निवळले व वारा एकाएकी पडला, तर ती गोष्ट मुलाने घरी जाऊन सांगावी, एवढी सवय लागली तरी या पाठाचे काम झाले असे मानण्यास हरकत नाही.