आपली बातमी आपल्या हाती : चिकानो विद्यार्थ्यांची पत्रकारिता

शाळा-महाविद्यालयांच्या वार्षिक अंकांशी आपणा सर्वांचा परिचय आहे. अहवाल, कविता, निबंध आणि बक्षीसपात्र विद्यार्थ्यांची छायाचित्रे असे त्यांचे स्वरूप असते. तथापि विद्यार्थ्यांनी काढलेले नियतकालिक एखाद्या समाजाच्या आत्मभानाचे साधन कसे होऊ शकते, याचे उद्बोधक उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात घडले. तेथील मेक्सिकन वंशाच्या, स्वतःला 'चिकानो' म्हणविणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पत्रकारितेचा परिचय करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. १८४८ च्या ग्वादालूपे हिदाल्गो येथील तहाने मेक्सिकोचा उत्तरेकडील विस्तीर्ण प्रदेश अमेरिकेकडे गेला. तेथील माणसे आपापल्या घरीच राहिली. सरकली ती सीमा. पुढे मजुरीसाठी मेक्सिकोतून आलेल्या कुटुंबांची त्यांत भर पडली. अनेक शाळांतून स्पॅनिश बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे. 'चिकानो' हा शब्दही पूर्वी हिणवण्यासाठी वापरला जाई. १९६० नंतरच्या दशकात तरुण पिढीने तोच शब्द अभिमानाने धारण केला. ज्या नावाने आपल्याला खाली पाहायला लावले, तेच नाव आपल्या अंकाच्या शिरोभागी छापायचे, ही या पत्रकारितेची पहिली कृती होय.

मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमधील हजारो विद्यार्थी शाळांचे वर्ग सोडून रस्त्यावर आले. द्वैभाषिक शिक्षण, अभ्यासक्रमात मेक्सिकन लोकांच्या इतिहासाला स्थान आणि आपल्या समाजातील शिक्षक, अशा त्यांच्या मागण्या होत्या. लिंकन हायस्कूलमधील शिक्षक साल कास्त्रो विद्यार्थ्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे ज्या तेरा जणांवर कटाचा आरोप ठेवण्यात आला, त्यांत कास्त्रोही होते. ते आरोप कालांतराने रद्द झाले. या चळवळीचा आवाज होते 'ला रासा'. १९६७ मध्ये एका चर्चच्या तळघरातून निघू लागलेल्या या पत्राबरोबर विद्यार्थ्यांची लहान पत्रेही हातोहात वाटली जात. मोठ्या दैनिकांना जो केवळ गोंधळ वाटला, त्यामागील कारणे या पत्रांतून वाचायला मिळत.

शाळांतील ही ठिणगी विद्यापीठांत पोहोचली. एप्रिल १९६९ मध्ये सांता बार्बारा येथे विद्यार्थी आणि प्राध्यापक एकत्र आले. चिकानो समाजाचा इतिहास, भाषा आणि साहित्य यांच्या अध्ययनाला विद्यापीठात स्वतंत्र स्थान असावे, अशी योजना त्यांनी मांडली. निरनिराळ्या नावांनी काम करणाऱ्या विद्यार्थी-संघटनांनी 'मेचा' हे एकच नाव घेण्याचे तेथेच ठरले. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात, म्हणजे यूसीएलएमध्ये, १९७० मध्ये 'आस्त्लान' हे संशोधनपर नियतकालिक सुरू झाले, आणि १९७१ मध्ये विद्यार्थ्यांचे 'ला हेंते' निघाले. 'ला हेंते' म्हणजे 'लोक'. पहिले विद्वानांसाठी होते, तर दुसरे नावाप्रमाणेच लोकांसाठी.

या दोन प्रकाशनांच्या दरम्यान घडलेल्या एका घटनेने, आपली बातमी आपण लिहिणे किती आवश्यक आहे, हे दाखवून दिले. २९ ऑगस्ट १९७० रोजी व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात पूर्व लॉस एंजेलिसमध्ये चिकानोंचा प्रचंड मोर्चा निघाला. पोलिसांनी सभा उधळली. त्या दुपारी 'लॉस एंजेलिस टाइम्स'चे स्तंभलेखक रुबेन सालासार 'सिल्व्हर डॉलर' नावाच्या मद्यगृहात बसले असता, शेरीफच्या शिपायाने आत झाडलेले अश्रुधुराचे नळकांडे डोक्याला लागून मृत्यू पावले. चिकानो म्हणजे कोण, हे इंग्रजी वाचकांना समजावून सांगणारा त्यांचा लेख त्याच वर्षी फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला होता. मद्यगृहाच्या दाराशी शस्त्र रोखून उभ्या असलेल्या शिपायाची छायाचित्रे 'ला रासा'च्या राऊल रुईस यांनी टिपली होती. ती मोठ्या दैनिकालाही छापावी लागली. मृत्यूची चौकशी झाली, परंतु कोणावरही खटला भरला गेला नाही. न्याय मिळाला नाही हे खरे. पण रस्त्यावर उभा असलेला आपला छायाचित्रकार नसता, तर सरकारी निवेदनाशेजारी ठेवायला दुसरा पुरावाही उरला नसता.

'ला हेंते'चे वैशिष्ट्य त्याच्या भाषेत आहे. इंग्रजी आणि स्पॅनिश त्यात शेजारी शेजारी नांदतात. १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' मराठी आणि इंग्रजी अशा दोन स्तंभांत काढले, हे मराठी वाचकास येथे सहज आठवेल. दोन भाषांत लिहिणारा संपादक दोन वाचकांकडे एकाच वेळी पाहत असतो : एक सत्ताधीश, दुसरा स्वकीय. मात्र चिकानो विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे दोन्ही वाचक पुष्कळदा एकाच घरात असत. आई स्पॅनिश वाचणारी आणि मुलगी इंग्रजी माध्यमात शिकलेली.

या पत्रकारितेचे मोठेपण असे की तिने स्वकीयांनाही सोडले नाही. लाँग बीच येथील राज्य विद्यापीठात आना निएतोगोमेस विद्यार्थी-संघटनेच्या अध्यक्षपदी निवडून आल्या, तेव्हा काही पुरुष सहकाऱ्यांनी त्यांच्या प्रतिमेला फाशी दिली. समतेची घोषणा देणाऱ्या चळवळीत स्त्रियांच्या वाट्याला टंकलेखन आणि स्वयंपाकच येतो, हा त्यांचा अनुभव होता. त्यांनी आणि त्यांच्या मैत्रिणींनी १९७१ मध्ये 'इहास दे क्वाउतेमोक' हे स्वतःचे पत्र काढले. बाहेरच्यांनी आपल्याला गप्प केले असे म्हणणाऱ्याने घरात कोणाला गप्प बसविले, हा प्रश्न तिथे छापून विचारला गेला. 'चिकाना' या स्त्रीलिंगी रूपाला वैचारिक आशय मिळाला तो अशाच लेखनातून.

यूसीएलएमधील लढ्याची कसोटी १९९३ मध्ये लागली. चिकानो अध्ययनाचा स्वतंत्र विभाग मिळणार नाही, अशी घोषणा कुलगुरूंनी २८ एप्रिलला केली. शेतमजुरांचे नेते सेसार चावेस यांचे निधन होऊन तेव्हा पाचच दिवस झाले होते. मे महिन्यात निदर्शने झाली, विद्यार्थ्यांना अटक झाली, आणि त्यानंतर काही विद्यार्थी व एक प्राध्यापक यांनी चौदा दिवस उपोषण केले. त्यातून चावेस यांच्या नावाचे अध्ययन-केंद्र मिळाले. त्याला पूर्ण विभागाचा दर्जा मिळायला मात्र २००५ साल उजाडले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. १९६९ ची मागणी २००५ मध्ये पूर्ण झाली. एवढ्या काळात विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्या आल्या आणि गेल्या. प्रशासनाजवळ दप्तर असते, वकील असतो, आणि थांबण्याइतका वेळ असतो. विद्यार्थ्याजवळ चार वर्षे असतात. आजची चळवळ थोपवून धरली तर ती पदवीबरोबर आपोआप निघून जाईल, असा हिशेब कोणत्याही संस्थेला करता येतो. हा हिशेब चुकविण्याचे एक साधन म्हणजे टिकून राहिलेले नियतकालिक. कोणते वचन केव्हा दिले गेले आणि कोणते मोडले, हे त्याच्या जुन्या अंकांत नोंदलेले असते. नवा संपादक जुन्या अंकांची चळत उघडतो, तेव्हा त्याची चार वर्षे आधीच्यांच्या वर्षांना जोडली जातात.

म्हणून विद्यार्थ्यांच्या अंकाकडे केवळ हौशी लेखनाचा नमुना म्हणून पाहू नये. त्यातील मुद्रणदोष आणि अतिशयोक्ती मान्य करूनही तो जतन करावा, त्याचे संच बांधावेत, ते ग्रंथालयात ठेवावेत. ज्या समाजाची नोंद दुसऱ्याच्या वहीत होते, त्याला आपला इतिहास दुसऱ्याकडे मागावा लागतो. चिकानो विद्यार्थ्यांनी स्वतःची वही घातली, आणि एक पिढी गेली तरी पुढच्या पिढीने ती बंद होऊ दिली नाही.