फोन धड, पण अ‍ॅप चालत नाही. कारण अँड्रॉइडच्या नंबरात

यवतमाळ : स्क्रीन चांगली, बॅटरी टिकते, फोनही लागतो. पण प्ले स्टोअरवर अ‍ॅप घ्यायला गेलं की ते या फोनवर चालत नाही, असा मेसेज येतो. जिल्ह्यातल्या कास्तकारांसाठी ही बारीक गोष्ट राहिली नाही. २०२१ च्या खरिपापासून ई-पीक पाहणी मोबाइलवर आली. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस द्यायचा तर 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी लागली. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे फोन अडला की पैसा अडतो.

अशा वेळी फोन बिघडलेला नसतो, त्याच्या आतली ऑपरेटिंग सिस्टीम जुनी झालेली असते. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे फोनमधला मुकादम. कॅमेरा, जीपीएस, मेमरी, सिम हे सगळे त्याच्या हाताखाली. वावरात उभं राहून पिकाचा फोटो काढताना अ‍ॅप थेट कॅमेऱ्याला हात लावत नाही. ते मुकादमाला सांगते, मुकादम काम करून घेतो. नव्या अ‍ॅपची भाषा जुन्या मुकादमाला कळली नाही, की काम थांबलं.

२००३ चा टॉर्चवाला नोकिया ११०० आठवत असेल. त्यातही सॉफ्टवेअर होतंच, पण कंपनीतून आलं तेवढंच. बाहेरून अ‍ॅप टाकायची सोय नव्हती. २००७ मध्ये अ‍ॅपलचा आयफोन आला आणि बटणं गेली. अँड्रॉइड ही २००३ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली छोटी कंपनी. गुगलने ती २००५ मध्ये विकत घेतली, २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला. गुगलने ही सिस्टीम कोणत्याही कंपनीला वापरायला मोकळी ठेवली. म्हणूनच सॅमसंगपासून मायक्रोमॅक्स, कार्बनपर्यंत सगळ्यांनी ती घेतली आणि स्मार्टफोन खेड्यातल्या माणसाच्या खिशाला परवडला.

पण स्वस्ताईची हीच दुसरी बाजू आहे. गुगल दरवर्षी नवी अँड्रॉइड काढते, ती प्रत्येक मॉडेलवर बसवून देणं मात्र फोनच्या कंपनीचं काम. स्वस्त मॉडेलसाठी कंपन्या हे काम थोड्याच वर्षांत सोडून देतात. मग अ‍ॅपवालेही जुन्यांना सोडतात. अँड्रॉइड ४.४ आली २०१३ मध्ये. १ जानेवारी २०२५ पासून तिच्यावर व्हॉट्सअ‍ॅप बंद झालं. २०१७ च्या जिओफोनचा मामला आणखी वेगळा. त्यात कायओएस आहे. पुढच्या वर्षी त्यावर व्हॉट्सअ‍ॅप आलं खरं, पण अँड्रॉइडची अ‍ॅप त्यावर चालतच नाहीत.

आपला नंबर पाहायचा तर सेटिंगमध्ये जाऊन 'फोनबद्दल' किंवा 'अबाउट फोन' उघडावं. तिथं अँड्रॉइड व्हर्जन लिहिलेलं असते. 'सॉफ्टवेअर अपडेट' दाखवत असेल तर वायफायवर, चार्जिंग लावून करून घ्यावं. जुना फोन विकत घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे सगळेच विचारतात. हा नंबर आणि शेवटच्या सिक्युरिटी अपडेटची तारीख कोणी पाहत नाही.

कधी सिस्टीम ठीक असते, नुसती मेमरी भरलेली असते. गुड मॉर्निंगचे व्हिडिओ आधी काढून पाहावे.

अपडेट येतच नसेल तर ई-पीक पाहणी घरातल्या किंवा शेजाऱ्याच्या फोनवरून करता येते, एका फोनवर अनेक खातेदारांची नोंद होते. मात्र प्ले स्टोअर देत नाही म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी पाठवलेली 'एपीके' फाइल टाकू नये. सरकारी योजनेचं नाव लावून आलेल्या अशा फाइलींतून मेसेज आणि ओटीपी चोरून बँक खाती रिकामी केली जातात.