गुंठा, आर आणि आणा

कागलहून निपाणीकडे निघालेल्या प्रवाशाचा रुपया सीमेवर बदलत नाही. किलो आणि लिटरही तेच राहतात. बदलते ते जमिनीचे माप. महाराष्ट्रातील सातबाऱ्यावर शेताचे क्षेत्र हेक्टर व आर यांत लिहिलेले असते. कर्नाटकाच्या पहाणीत मात्र एकर, गुंठे आणि गुंठ्याखालचे आणे अजून नांदत आहेत.

हे आणे जुन्या मुंबई इलाख्याचे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव व निपाणी मुंबई राज्यातच होती. तेथील मोजणीदाराची साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची. त्या साखळीचा चौरस म्हणजे गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि रुपयातला आणा हळूहळू व्यवहारातून गेला. शेतातला राहिला, आणि तोही सीमेच्या दक्षिणेस!

घोटाळा होतो तो आर आणि गुंठा यांच्या सारखेपणामुळे. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, आर सुमारे १,०७६ चौरस फुटांचा. तेरा फुटांचा फरक कोण मनावर घेतो? सोयरीक वा वारसा यांमुळे ज्यांची जमीन दोन्हीकडे आहे, त्यांच्या तोंडी ‘एकर म्हणजे चाळीस आर’ असा हिशेब सहज येतो. वस्तुतः एकर ४०.४७ आरांचा. एकराचे पैसे मोजून चाळीस आरांचे खरेदीखत झाले, तर घेणाऱ्याचे सुमारे पाचशे चौरस फूट जातात. एवढ्यात दोन खोल्यांचे घर उभे राहते. एका हेक्टरास शंभर गुंठे समजणाऱ्यास तर साडेबाराशेंहून अधिक कमी पडतात. बोलणी गुंठ्यांत खुशाल व्हावीत. सहीपूर्वी मात्र गुंठ्यास १०१.१७ चौरस मीटर धरून आकडा मांडून घ्यावा.