अँटवर्पमधील दोन लहान दिवस

डिसेंबरच्या मध्यावर अँटवर्प शहरात सूर्य सकाळी पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी साडेचार वाजून गेल्यावर काही मिनिटांतच मावळतो. सूर्योदयानंतरची 48 मिनिटे आणि सूर्यास्तापूर्वीची 48 मिनिटे सोडून मगच आहार घेण्याचा ज्यांचा नेम आहे, त्यांच्या हाती जेमतेम सव्वासहा तास उरतात. जूनमध्ये याच शहरात रात्री दहापर्यंत उजेड असतो. तेव्हा आले असते तर काहीच अडचण नव्हती. पण मुलाची रजा नाताळाच्या तोंडावर आणि आईवडिलांचा व्हिसाही तेवढ्याच दिवसांचा, त्यामुळे निवडीला वाव नव्हता.

हे कुटुंब सांगलीचे. वडिलांची हळदीची आडत पेढी, तिसरी पिढी. एकुलता एक मुलगा रॉटरडॅमला, तेथील बंदराशी संबंधित संगणककामात. सून व आठ वर्षांची नात त्याच्याबरोबर. अण्णा व आक्का प्रथमच परदेशी आले होते आणि तीन आठवड्यांच्या मुक्कामातील एक शनिवार-रविवार अँटवर्पसाठी राखून ठेवला होता. रॉटरडॅमहून आगगाडीने हे अंतर तासाभराच्या आसपासचे. मध्ये देशाची सीमा लागते, पण ती कधी ओलांडली हे खिडकीतून कळतही नाही.

सुनेने स्वयंपाकाची सोय असलेली खोली आधीच ठरवली होती. परदेशात राहणाऱ्या आपल्या घरांना या दूरदृष्टीचे मोल वेगळे सांगायला नको. बेल्जियमची ख्याती तळलेल्या बटाट्यांची. तो कंदमूळ म्हणून आधीच वर्ज्य, शिवाय तेथील जुन्या रीतीप्रमाणे तो गोवंशाच्या चरबीत तळला जातो. वॅफलमध्ये अंडे, चीजमध्ये बहुधा वासराच्या जठरातील रेनेट, चॉकलेटच्या सारणात कधी मद्य. दालचिनीच्या वासाची स्पेक्युलूस नावाची कुरकुरीत बिस्किटे मात्र पुष्कळदा अंड्यावाचून केलेली सापडतात; वेष्टनावरील घटक वाचून ती घ्यावीत. बाकी भिस्त दशम्या, लसूण न घातलेली शेंगदाण्याची चटणी, छोटा कुकर आणि गाळून उकळलेले पाणी यांवर. पहिले जेवण साडेनऊला, दुसरे साडेतीनला, आणि मधल्या वेळात शहर, असा बेत होता.

अँटवर्पचे दर्शन रेल्वे स्थानकातच सुरू होते. लुई डेलासेन्सरी या वास्तुकाराने रचलेली ही इमारत 1905 मध्ये खुली झाली. तिचा घुमट सुमारे 75 मीटर उंच आहे. फलाट तीन पातळ्यांवर एकाखाली एक. सर्वांत खालच्या फलाटावरून सरकत्या जिन्यांनी वर येताना आधी लोखंड आणि काच दिसते, मग संगमरवर. नातीने हे देऊळ आहे का असे विचारले. गावकरी तिला ‘रेल्वेचे कॅथेड्रल’ म्हणतात, तेव्हा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता.

स्थानकाला लागूनच हिऱ्यांची पेठ आहे. होव्हेनियर्स स्ट्राट, रेइफ स्ट्राट अशा दोन-चार अरुंद गल्ल्या, वाहनांना बंदी, टोकांना पहारा. जगभरच्या कच्च्या हिऱ्यांचा फार मोठा भाग या गल्ल्यांतून हातोहात फिरत आला आहे. 1960 च्या दशकापासून येथे पालनपूर व काठियावाडकडील जैन कुटुंबे येऊ लागली. ज्या बारीक, हलक्या मालाकडे इतर व्यापारी फारसे लक्ष देत नव्हते, तो त्यांनी उचलला आणि पैलू पाडण्यासाठी सुरतेला धाडला. पुढे त्यातूनच मोठा धंदा उभा राहिला. ज्यू व्यापाऱ्यांच्या शेजारी बसून त्यांनी त्यांचा रिवाजही घेतला. सौदा ठरला की हातात हात देऊन ‘मझल’ म्हणायचे, म्हणजे नशीब लाभो. एवढे झाले की शब्द फिरवायचा नाही. हातावर रुमाल टाकून बोटांच्या खुणांनी भाव ठरवण्याचा रिवाज आपल्या बाजारांतही ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यात परके असे काही वाटू नये.

शनिवारी ज्यू धर्मीयांचा साबाथ असल्याने पेठ बंद होती. बंद दारे आणि रिकामी गल्ली पाहून मुलगा खट्टू झाला. अण्णांना त्याचे काहीच वाटले नाही. बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी बाजार पाहण्याची सवय त्यांना लहानपणापासूनची.

तेथून पायी गेले की जुना व्यापार-विनिमय, म्हणजे हांडेल्सबर्स, लागतो. चारी बाजूंनी ओवऱ्या आणि मध्ये प्रशस्त चौक अशी ही वास्तू 1531 मध्ये बांधली गेली. सर्व देशांच्या आणि सर्व भाषांच्या व्यापाऱ्यांसाठी ती खुली असल्याचे तिच्यावर कोरले होते. इंग्लंडच्या राजसत्तेचा येथील मुखत्यार टॉमस ग्रेशम याने हीच कल्पना उचलून लंडनला रॉयल एक्स्चेंज उभारले. 1571 मध्ये राणी एलिझाबेथने त्याचे उद्घाटन केले. मुंबईत दलाल वडाच्या झाडाखाली जमू लागले ते याच्या तीनशे वर्षांनंतर. अँटवर्पची इमारत दोनदा जळाली. आजची वास्तू 1872 ची. तिच्यावर लोखंडाचे आणि काचेचे छत आहे. शेअर बाजार येथून 1997 मध्ये उठला. त्यानंतर बरीच वर्षे ती ओस पडली, आणि दुरुस्तीनंतर 2019 मध्ये समारंभांचे सभागृह म्हणून पुन्हा उघडली.

या शहराच्या वैभवाला आपल्याकडील माल कारण झाला, हे येथे सांगायला हवे. 1501 मध्ये पोर्तुगीजांनी मलबारच्या मिऱ्यांची पहिली खेप लिस्बनहून येथे आणली आणि पाहता पाहता अँटवर्प युरोपची मुख्य पेठ झाली. पण 1585 मध्ये स्पॅनिश सैन्याने शहर जिंकले. उत्तरेकडील डच प्रांतांनी शेल्ट नदीचे मुख अडवले आणि समुद्राची वाट बंद झाली. व्यापारी गाशा गुंडाळून ॲमस्टरडॅमकडे गेले. लोकसंख्या काही वर्षांत निम्म्याहून खाली आली. 1648 च्या तहाने ही नाकेबंदी कायम केली. नदी पुन्हा मोकळी व्हायला अठरावे शतक संपत यावे लागले, आणि जहाजांवरील जकात तर 1863 मध्ये सुटली.

मुलगा हे सर्व सांगत असताना अण्णा खांबांकडे पाहत होते. दोन वर्षे फोनवर एकच विषय होता. “अण्णा, आता पुरे करा. परवाना परत करून टाका आणि इकडे या,” असे मुलगा म्हणे. अण्णा ‘बघू’ म्हणत. हरिपूरच्या पेवांत साठवलेली हळद त्यांच्या वडिलांनी विकली होती. 2005 च्या महापुराने तेथील बहुतेक पेवे निकामी केली, तेव्हा माल गोदामांत आला; तरीही पेढी चालू राहिली. आता मात्र पायऱ्या चढताना दम लागत होता आणि दिवाणजी त्यांच्याहूनही थकले होते.

“बाजार गेला, वाडा तेवढा राहिला,” एवढेच ते बोलले.

मुख्य चौक, ग्रोटे मार्क्ट, येथून जवळ आहे. 1565 चा नगरभवनाचा वाडा, व्यवसाय-संघांची उंच चिंचोळी घरे, आणि नाताळच्या बाजाराची दुकाने. मध्यभागी 1887 चे ब्राबोचे कारंजे. त्याला हौद नाही, पाणी थेट दगडांवर पडते. आख्यायिका अशी की अँटिगून नावाचा राक्षस नदीवर जकात घेई आणि न देणाऱ्याचा हात तोडून पाण्यात फेकी. ब्राबो नावाच्या वीराने त्याचाच हात तोडून नदीत भिरकावला. जकातीने गांजलेल्या व्यापाऱ्यांच्या शहराला शोभणारी ही कथा आहे. तिची आठवण म्हणून येथे हाताच्या पंजाच्या आकाराची बिस्किटे विकतात.

नातीने ती मागितली. बिस्किटात अंडे असल्याचे सुनेने वाचून सांगितले, त्यामुळे प्रश्न तसा मिटलाच होता. पण नात म्हणाली, “अंड्याशिवाय केली तर चालतील ना, आज्जी?” तेव्हा आक्कांनी तिला कारंज्याच्या कडेला यशोधर राजाची कथा सांगितली. त्याने खरा कोंबडा मारला नाही, पिठाचा केला आणि तो बळी दिला. तरी संकल्प हिंसेचा होता, म्हणून त्याला आणि त्याच्या आईला जन्मोजन्मी पशुपक्ष्यांच्या योनीत फिरावे लागले. मुलीने पंजाच्या बिस्किटांकडे पुन्हा एकदा पाहिले आणि मग ती दालचिनीच्या साध्या बिस्किटांवर राजी झाली. मराठी धड न येणाऱ्या मुलीला ती गोष्ट आजीच्या तोंडून, अशा ठिकाणी ऐकायला मिळाली, याचे सुनेला फार अप्रूप वाटले.

कॅथेड्रलचा मनोरा 123 मीटर उंच आहे. जोडीचा दुसरा मनोरा कधी पुरा झालाच नाही. आत रूबेन्सची चार मोठी चित्रे आहेत. त्याची क्रुसाची चित्रे फ्रेंचांनी पॅरिसला नेली होती, ती 1815 नंतर परत आली. घड्याळाचा काटा तीनकडे झुकू लागल्याने येथे फार थांबता आले नाही. साडेतीनला जेवण, त्यानंतर अंधारात नदीकाठचा फेरफटका आणि 1933 चा सेंट ॲना बोगदा. हा 572 मीटरचा पादचारी बोगदा शेल्टच्या खालून जातो. उतरायला लाकडी पायऱ्यांचे जुने सरकते जिने आहेत. मुलांना हे सर्वांत आवडते, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

रविवारी सकाळी दक्षिणेकडील विल्राइक उपनगरात शंखेश्वर पार्श्वनाथांचे मंदिर गाठले. भारतात कोरलेल्या पांढऱ्या संगमरवराचे हे मंदिर 2010 मध्ये प्रतिष्ठित झाले. भोवती बेल्जियन घरे, ओलसर थंडी आणि मध्ये शिखर. हे कुटुंब दिगंबर आम्नायाचे. नेत्र व अंगी असलेली प्रतिमा आक्कांच्या सवयीची नव्हती. त्या क्षणभर थबकल्या, मग हात जोडून त्यांनी णमोकार म्हटला आणि बऱ्याच वेळाने उठल्या. बाहेर भेटलेल्या एका वृद्ध गुजराती श्राविकेने ‘जय जिनेंद्र’ म्हणून त्यांचे गार हात आपल्या हातांत घेतले. दोघींची भाषा निराळी होती, तरी पंधरा मिनिटे बोलणे चालले होते.

दुपारी प्लांटिन-मोरेटस संग्रहालय. अँटवर्पला एकच गोष्ट पाहण्याइतका वेळ असेल, तर व्यापारी घरातील माणसाने ही पाहावी. क्रिस्तोफ प्लांटिन हा फ्रान्समधून आलेला पुस्तकबांधणी करणारा कारागीर. 1555 मध्ये त्याने येथे छापखाना काढला आणि तो त्या काळातील सर्वांत मोठ्या छापखान्यांपैकी एक झाला. पाच भाषांतील त्याचे आठ खंडी बायबल प्रसिद्ध आहे. छापखाना आणि राहते घर एकाच वाड्यात. जगातील सर्वांत जुनी, सुमारे 1600 सालची दोन मुद्रणयंत्रे येथे आहेत, आणि पेढीचे दफ्तरही शाबूत आहे. 2005 मध्ये हे संग्रहालय जागतिक वारसा यादीत आले.

काचेआडच्या हिशेबवह्यांपुढे अण्णा थांबले ते थांबलेच. प्लांटिनने काही वर्षे इटालियन दुनोंदी पद्धतीने खाती लिहिली होती. नावे डावीकडे, जमा उजवीकडे. “आपल्या रोजकीर्दीच्या उलट,” अण्णा म्हणाले आणि पुढे वाकून आकडे पाहू लागले.

सून माहितीपत्रक वाचून दाखवत होती. प्लांटिनला पाच मुली; मुलगा होता तो लहानपणीच वारला. मुली चार-पाच वर्षांच्या झाल्या की त्यांना मुद्रिते वाचायला बसवत. मार्टिना या मुलीचा नवरा यान मोरेटस हा पेढीवरचाच माणूस. त्या दोघांकडे कारभार गेला. पुढे या घराण्याने वाटण्या न करता, ज्याला धंदा सर्वांत चांगला जमेल त्याच्याकडे पेढी अखंड सोपवण्याची रीत ठेवली. काही पिढ्यांत विधवा सुनांनीही ती चालवली. 1876 मध्ये वाडा शहराला विकला तोवर असे तीनशेहून अधिक वर्षे चालले.

“तो भाग पुन्हा वाच,” अण्णा म्हणाले. तिने वाचला.

मिरजेला दिलेली त्यांची थोरली लेक सहा वर्षे पेढीचे जीएसटीचे काम पाहत होती. हंगामात आठवड्यातून तीनदा ती सौद्यांना उभी राही. शेतकऱ्यांच्या पट्ट्या तीच तपासत असे. राजापुरी हळदीचा गाभा मोडून पाहण्याची नजर तिला होती, हे हमाल-तोलारही मान्य करत. तरी घरात हा विषय नेहमी ‘मुलगा येणार की पेढी बंद करायची’ असाच निघाला होता. तिसरी वाट कोणी काढली नव्हती. तिनेही नाही.

अंगणातील द्राक्षवेलीजवळच्या बाकावर बसल्यावर अण्णांनी विचारले, “परवाना ताईच्या नावावर केला, तर तुझी काही हरकत?”

मुलगा लगेच बोलला नाही. हरकत नव्हती, पण आपण दोन वर्षे बंद करा, बंद करा म्हणत राहिलो आणि आपल्याला हे एकदाही सुचले नाही, याची त्याला लाज वाटत होती. शेवटी तो म्हणाला, “तुम्ही तिला आधी विचारा, अण्णा. मला नंतर सांगितले तरी चालेल.”

साडेतीनचे जेवण त्या दिवशी स्थानकाजवळच्या बाकावर झाले. दशम्या थंडीने कडक झाल्या होत्या. पाच वाजून गेल्यावर खालच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना त्यांनी मिरजेला फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. अण्णांनी विषय दोन वाक्यांत सांगितला. पलीकडे इतका वेळ शांतता होती की फोन तुटला असे वाटून त्यांनी दोनदा हाक मारली.

मग लेकीने विचारले, तोलाई आणि हमालीची जुनी बाकी कोणत्या वहीत आहे, आणि ती वही दिवाणजींच्या घरी आहे की पेढीवर.