सोंगं वठवणारं थिएटर

३० जानेवारी १९३१. लॉस एंजेलिस थिएटरचा पहिलाच खेळ. पडद्यावर 'सिटी लाइट्स', प्रेक्षकांत खुद्द चार्ली चॅप्लिन आणि पाहुणा म्हणून आलेला आइनस्टाइन. बोलपटांची लाट आलेली असताना चॅप्लिननं हट्टानं मूकपट काढलेला, त्यामुळे लोक हसतील का याची त्याला धाकधूक. लोक हसू लागले आणि नेमका तेव्हाच चित्रपट थांबला. दिवे लागले, आणि 'ही नवी वास्तू किती देखणी आहे, हे सांगायला पाच मिनिटं द्या' अशा अर्थाची घोषणा झाली. चॅप्लिन भडकून मॅनेजरला शोधत धावला, प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, तेव्हा कुठे खेळ पुढे सुरू झाला. चॅप्लिननंच आत्मचरित्रात हा किस्सा लिहिला आहे.

आगाऊपणा खराच, पण वास्तू तशी आहे! एस. चार्ल्स ली या वास्तुरचनाकारानं सॅन फ्रान्सिस्कोच्या फॉक्स थिएटरवरून स्फूर्ती घेऊन ती सहा महिन्यांच्या आत उभी केली. फॉक्स १९६३ मध्ये पाडलं गेलं, हे उभं आहे. थाट फ्रेंच राजवाड्याचा: झुंबरं, सोनेरी नक्षी, भव्य जिन्याच्या माथ्यावर स्फटिकाचं कारंजं. खुर्च्या सुमारे दोन हजार. तळघरातल्या दिवाणखान्यात भिंगांच्या करामतीनं वरचा चित्रपट छोट्या पडद्यावर दिसे, म्हणजे बाहेर आलात तरी गोष्ट चुकायला नको. रडक्या पोरांना घेऊन बसायला आवाजबंद काचेची खोली होती. कुठली खुर्ची रिकामी आहे, हे डोअरकीपरला विजेच्या फलकावर कळे. एवढं करून मालक एच. एल. गंबिनर वर्षभरात दिवाळखोर झाला. महामंदीच्या ऐन भरात असा महाल बांधणाऱ्याचं दुसरं काय होणार?

शेजारीही तालेवारच. साऊथ ब्रॉडवेच्या सहा चौकांच्या पट्ट्यात अशी बारा जुनी थिएटरं आहेत आणि १९७९ मध्ये हा अख्खा पट्टा अमेरिकेच्या राष्ट्रीय वारसायादीत गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रेक्षक हॉलिवूड आणि उपनगरांकडे वळले. पुढची काही दशकं इथली बरीच थिएटरं जगली ती स्पॅनिश बोलणाऱ्या वस्तीच्या जिवावर. लॉस एंजेलिस थिएटरमधले रोजचे खेळ १९९४ मध्ये थांबले.

मग कॅमेरा आला. खरं तर तो आधीपासूनच येत होता. हॉलिवूडच्या कामगार-करारांत तीस मैलांचा एक 'स्टुडिओ झोन' असतो. त्याच्या आत शूटिंग केलं तर युनिटच्या प्रवासाचा आणि मुक्कामाचा जादा खर्च पडत नाही. ब्रॉडवे या वर्तुळात येतो. रोजचे खेळ नाहीत, म्हणजे थिएटर आठवडाभर अडवलं तरी कोणाची तक्रार नाही. एकाच छपराखाली रंगमंच, बाल्कनी, जिना, संगमरवरी प्रसाधनगृहं. निर्मात्याला आणखी काय हवं?

गंमत अशी, की ही थिएटरं स्वतःच्या नावानं पडद्यावर क्वचितच येतात. ख्रिस्तोफर नोलनच्या 'द प्रेस्टीज'मध्ये जादूगारांच्या काळातलं लंडन दाखवायला ब्रॉडवे पट्ट्यातली चार थिएटरं वापरली. लॉस एंजेलिस त्यातलंच एक. मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'मध्ये जोडपं ज्या सिनेमागृहातून बाहेर पडतं ते याच पट्ट्यातलं पॅलेस थिएटर. डेव्हिड लिंचच्या 'मलहॉलंड ड्राइव्ह'मधल्या क्लब सिलेन्सिओचा अंतर्भाग टॉवर थिएटरचा. 'द आर्टिस्ट'च्या सुरुवातीचं खच्चून भरलेलं प्रेक्षागृह ऑर्फियमचं. चित्रपट पाहताना ही नावं कोणाला माहीत असतात?

याला काही जण वास्तूची विटंबना म्हणतील. मला तसं वाटत नाही. छप्पर गळू लागलं की पैसा लागतो आणि वारशाच्या पाटीनं पैसा येत नाही. आपल्याकडे एकपडदा थिएटर बंद पडलं की मालकाला जागेचा भाव दिसतो. इथं निदान तिसरा पर्याय सापडला. मात्र शूटिंगच्या भाड्यानं भिंती टिकतात, प्रेक्षक परत येत नाही, हेही खरं. लीचंच पहिलं थिएटर, १९२७ चं टॉवर, बरीच वर्षं शूटिंगपुरतंच उघडायचं. २०२१ पासून तिथं ॲपलचं दुकान आहे. डागडुजी सुरेख झाली आहे, रंगीत काचेची खिडकीही झळकते आहे. पण खुर्च्या गेल्या, त्या गेल्याच. मला विचाराल तर त्यापेक्षा भाड्यानं लंडन होणं बरं.

लॉस एंजेलिस थिएटर पाहायला जायचं असेल तर मेट्रोचं पर्शिंग स्क्वेअर स्टेशन जवळ पडतं. एरवी दारं बंदच असतात. मात्र लॉस एंजेलिस कॉन्झर्व्हन्सी ही संस्था १९८७ पासून उन्हाळ्यात 'लास्ट रिमेनिंग सीट्स' नावानं जुन्या थिएटरांत जुने चित्रपट दाखवते, शिवाय ब्रॉडवेची पायी सफरही घडवते. सहल उन्हाळ्यात असेल तर आधी त्यांचं वेळापत्रक पाहा आणि त्यात लॉस एंजेलिस थिएटरचा खेळ असेल तर हॉलिवूडच्या फुटपाथवरचे तारे खुशाल दुसऱ्या दिवशी बघा.