एका अक्षराचे भाषांतर



भाषांतर म्हटले की आपल्यापुढे शब्दकोश उभा राहतो. एका शब्दाच्या जागी दुसरा ठेवला की काम संपले, अशी आपली समजूत असते. ती किती अपुरी आहे, हे एका उदाहरणावरून पाहू.

सीटी किंवा एमआरआय यंत्राने घेतलेली शरीराची छेदचित्रे संगणकावर रचून दाखविणारी ‘थ्रीडी स्लायसर’ नावाची एक मोफत संशोधन-प्रणाली आहे. अमेरिकेतील बोस्टनचे ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटल आणि शेजारची एमआयटी यांच्या सहकार्यातून १९९८ साली ती निघाली. तिचा प्रसार जगभर झाला, पण पडद्यावरची भाषा कित्येक वर्षे इंग्रजीच होती. पुढे फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज इत्यादी भाषांत ती नेण्याचे काम सुरू झाले. सेनेगलमधील डकारच्या विद्यापीठातील मंडळींनीही त्यास हातभार लावला.

यात अडचण कोठे येते? ‘व्हॉल्यूम’ हा शब्द घ्या. ग्रंथाचा खंड, ध्वनीची पातळी, वस्तूचे घनफळ, असे तीन अर्थ कोश देतो. येथे मात्र त्याचा अर्थ आहे एकावर एक रचलेल्या छेदचित्रांची चळत! संदर्भ ठाऊक नसलेला भाषांतरकार ‘आवाज’ लिहून मोकळा होईल. त्याने फार तर हसू येईल.

अनर्थ होतो तो एका अक्षराने. छेदचित्राच्या कडेला दिशा दाखविणारी अक्षरे असतात. त्यांतील इंग्रजी ‘आय’ म्हणजे शरीराची खालची, पायांकडील बाजू. स्पॅनिशमध्ये ‘डावा’ या अर्थाचा शब्द नेमका याच अक्षराने सुरू होतो. अक्षर तसेच ठेवले तर स्पॅनिश वाचक फसण्याचा संभव. बदलले तर जुन्या सवयीचा डॉक्टर फसण्याचा. आकड्यांचीही तीच गत. १.५०० हा आकडा इंग्रज दीड वाचील, जर्मन दीड हजार. गाठीचे माप लिहिताना हा फरक क्षुल्लक म्हणता येईल काय?

तेव्हा काय बदलावे, याइतकेच काय बदलू नये, हेही ठरवावे लागते. आणि ते कोशकाराने एकट्याने ठरवू नये. चित्र वाचणारा डॉक्टर त्याच्या शेजारी हवा. भाषांतर झालेला पडदा, ज्याची डावी-उजवी बाजू आधीच पक्की ठाऊक आहे अशा चित्रावर ताडून पाहावयास हवा. उद्या मराठीत हे काम करावयाचे झाले, तर परिभाषा समितीची बैठक पडद्यासमोरच भरवावी लागेल. कारण येथे भाषांतराची चूक कागदावर राहत नाही. ती रोग्याच्या अंगावर येते.