नव्या गाडीचे ॲव्हरेज: इंजिनला किती दोष द्यावा?

नवी पेट्रोल गाडी कंपनीने सांगितलेले ॲव्हरेज देत नाही, अशी तक्रार केली की ‘इंजिन मोकळे होऊ द्या, मग बघा’ हे उत्तर ठरलेले असते. ते खोटे नाही. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यातच एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा मुद्दाम कोरतात. या होनिंगमुळे भिंतीवर तेल टिकून राहते. रेषांमधले टोकदार उंचवटे सुरुवातीच्या प्रवासात पिस्टनच्या रिंगांमुळे झिजतात. मग रिंग आणि भिंत नीट जुळतात, घर्षण घटते आणि ज्वलनाचा वायूही कमी निसटतो. म्हणूनच युरोपातील नियमांनुसार प्रयोगशाळेतल्या चाचणीआधी गाडी किमान ३,००० किलोमीटर चाललेली असावी लागते.

प्रश्न आहे तो या फायद्याच्या आकाराचा. शहरातल्या हलक्या भारावर, पिस्टनला मिळालेल्या कामापैकी ढोबळमानाने ३० टक्के इंजिनच्याच घर्षणात जाते आणि त्यातले जवळपास निम्मे पिस्टन व रिंगांचे असते, असे धरू. हे निम्मे घर्षण इंजिन मोकळे होताना, म्हणजे रनिंग-इनमध्ये, एक पंचमांशाने घटले, तरी इंधनाची बचत होते सुमारे ३ टक्के. म्हणजे लिटरला २० किलोमीटर देणारी गाडी २०.६ देईल. १३ देणारी गाडी एवढ्याने २० वर जाणार नाही. ती तफावत मुख्यतः चाचणी आणि रस्ता यांतली आहे. आपल्याकडची प्रमाणित चाचणी रोलरवर, एसी बंद ठेवून होते; तिथे ना सिग्नलची रांग असते, ना घाट.

‘पण पहिल्या सर्व्हिसिंगनंतर ॲव्हरेज खरेच वाढले’, असे अनेकजण सांगतात. वाढले असेलही, मात्र त्याच काळात चालकाचा हात क्लच-गिअरवर बसतो, टायरची नवी नक्षी झिजून त्यांचा रोधही थोडा घटतो, ऋतूही बदललेला असतो. शिवाय ३० लिटर भरताना पंपाचे नोझल एक लिटर आधी किंवा नंतर बंद झाले, तर हिशेबात ३ टक्क्यांहून अधिक फरक पडतो. म्हणजे मोजमापातली चूकच रनिंग-इनच्या परिणामाएवढी. दुसरा आक्षेप, आजच्या इंजिनांना रनिंग-इन लागतच नाही, हा. होनिंग आता अधिक गुळगुळीत होते आणि तेलही पातळ असते, त्यामुळे त्याचे महत्त्व घटले आहे, संपलेले नाही. म्हणूनच पहिले १,००० किलोमीटर गाडी जपून चालवा, असे अनेक कंपन्यांची पुस्तिका आजही सांगते.

तेव्हा सुरुवातीला इंजिन फार ताणू नका, एकाच वेगावर तासन् तास चालवू नका आणि टायरमधली हवा तपासत राहा. ॲव्हरेज एका टाकीवर न ठरवता एकाच पंपावर भरलेल्या चार-पाच टाक्यांवरून काढा. ५,००० किलोमीटरनंतरही आकडा फारच कमी असेल, तर ‘मोकळे होईल’ हे उत्तर स्वीकारू नका. गाडी तपासून घ्या.